मॅच्युरिटीला आलेला अँटेना

टोकरखाडा, सिल्वासा
१४ जुलै १९८५

सुकदेवभाऊस नमस्कार.

मला इथे सोडून तू परत गेलास त्याला आज पाच आठवडे झाले. गाडीत बसताना म्हणाला होतास, "रडू आलं तरी पत्रात लिहू नको, आबा चारचौघांत वाचायला लावतात." म्हणून लिहीत नाही. आबांना आणि तुझ्या आयला, माझ्या काकूला, सांग, खोली बरी आहे. मालकीणबाई कुसुमताई मालवणच्या, इथल्या सरकारी शाळेत शिकवतात. नऊ वाजता फाटकाला कुलूप लावतात आणि किल्ली उशीखाली ठेवतात. हे वाक्य आबांना दोनदा वाचून दाखव.

आता कामाचं. आमची शेड खडोलीला आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापायच्या, भोकं पाडायची, रिवेट मारायचे, टोकांना लाल टोप्या घालायच्या, की झाला 'चित्ररेखा' अँटेना. टीव्हीचं चित्र हवेतून येतं, ते पकडायला घरावर हा लागतोच. अथालच्या, दुधनीच्या बायका टोप्या घालायला बसतात. त्यांचे हात इतके भराभर चालतात की बघणाऱ्याला चक्कर यावी.

माझं काम टेबलावरचं. प्रत्येक खोक्यात आम्ही एक कार्ड घालतो, आमचा पत्ता छापलेलं. त्यावर तीन ओळी असतात: नाव-गाव. चित्र दिसतं का? तक्रार काय? गिऱ्हाईक ते भरून पेटीत टाकतो, आणि मराठी-हिंदीतली सगळी कार्डं माझ्याकडे येतात. मी उत्तर लिहिते. उत्तर मीच ठरवलंय: "आपली तक्रार मिळाली. चूक आमची आहे. दुरुस्त करून देऊ." शेठ वाचून म्हणाले, "बेन, चूक आमची असं छापील कागदावर कोण लिहितं?" मी म्हटलं, छापील नको, मी हाताने लिहीन. हसले आणि म्हणाले, "लिखो."

बी.कॉम. होऊन कार्डं वाचते, असं आबांना वाटेल. पण भाऊ, आपल्या घरातलं पहिलं कॉलेज शिकलेलं माणूस मी. कुठल्यातरी खेड्यातला माणूस छपराकडे बघत बसला असेल आणि त्याला उत्तरच गेलं नाही, असं माझ्या हातून व्हायला नको. खरं बोलून माल विकता येतो, हे मला इथे करून दाखवायचं आहे.

साक्रीच्या एका ट्रकवाल्याबरोबर एक अँटेना तुझ्या नावाने पाठवलाय. तोंड धुळ्याच्या टॉवरकडे कर. आणि कार्ड भरून पाठव. तक्रार असली तरच भरायचं असतं, पण तू भर.

वासंती


कासारे, ता. साक्री
२ सप्टेंबर १९८५

वासंतीस सुकदेवचा आशीर्वाद.

अँटेना मिळाला. खोकं उघडल्यावर आय म्हणाली, एवढ्या लांबून मासळीचा काटा कशाला धाडला पोरीने.

टीव्ही गावात एकच, सदाशिव वाण्याचा. आखाजीच्या सणाला आणला तेव्हापासून त्यात नुसत्या मुंग्या चालत होत्या. मी दूध केंद्रातून सुटून आलो आणि त्याच्या छपरावर चढलो. आय अंगणात, सदाशिव आत. मी वरून ओरडायचो, "दिसस का?" आय दारातून ओरडायची, "दिसस का?" सदाशिव म्हणायचा, "नही." आय म्हणायची, "नही." असं दीड तास चाललं. शेवटी काठी चार बोटं धुळ्याकडे फिरवली आणि आतून पन्नास माणसं एकदम ओरडली, "उनं, उनं." आय मला सांगायचं सोडून आत पळाली. चित्र अख्ख्या गावाने बघितलं. मी तेवढा छपरावर काठी धरून उभा होतो.

आबा आता सगळ्यांना सांगतात, हा आमच्या पोरीचा माल. घरी ते अहिराणी बोलतात, पण हे वाक्य शुद्ध मराठीत बोलतात.

माझं तेच. दूध थंड करायच्या केंद्रात रोजंदारीवर दुसरं वर्ष. साहेब म्हणतात कायम करायच्या यादीत नाव जाईल.

कार्ड भरून सोबत ठेवलंय. चित्र दिसतं का: इतरांना दिसतं. तक्रार काय: कावळा बसतो.

सुकदेव


सिल्वासा
२० मार्च १९८८

सुकदेवभाऊ,

दिवाळीत भेटलो तेव्हा तू म्हणालास की मी फार बारीक झाले. कारण हे की आम्ही जेवायला बसतच नाही. तीन पाळ्या चालू आहेत. रविवारी सकाळी टीव्हीवर जे लागतं त्याने आमचं हे केलंय. अख्ख्या देशाला एकाच वेळी आपापल्या घरात चित्र पाहिजे झालंय. खडोलीच्या रस्त्यावर ट्रक रांगेत उभे असतात, ड्रायव्हर खाली उतरून स्वतः टोप्या घालायला लागतात. फोरमन ओरडतो, "अरे भाई, सीधी लगाव, ये बोतल का ढक्कन नहीं है."

कार्डं आता पोत्याने येतात. माझ्या हाताखाली दोन मुली दिल्या आहेत. तरी तुझं "कावळा बसतो" मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. नवीन मुलींना सांगते, याचंसुद्धा उत्तर गेलं होतं.

मुंबईहून सुधाकर सर म्हणून एक जण विक्री बघायला आले आहेत. व्यवस्थापन शिकलेले आहेत. परवा त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली, डोंगरासारखी. म्हणाले, माणसासारखं वस्तूलाही आयुष्य असतं. आधी जन्म. तेव्हा कोणी ओळखत नाही, समजावून सांगावं लागतं. मग वाढ. तेव्हा सांगावं लागत नाही, लोक स्वतः मागत येतात. त्यांनी चढावर एक फुली मारली: आज आपण इथे. मला ते इतकं पटलं की काय सांगू. जन्माच्या वेळी तू छपरावर होतास, हे मी सगळ्यांना सांगितलं. पुढच्या दोन पायऱ्या ते सांगणार होते, तेवढ्यात वापीहून नळ्यांची गाडी आली आणि सगळे उठून पळाले. त्या राहूनच गेल्या.

तुझ्या यादीचं काय झालं?

वासंती


कासारे
९ जून १९९१

वासंतीस आशीर्वाद.

तीन वर्षांत तुझी चार पत्रं आली आणि माझं एकही नाही, अशी आय मला रोज आठवण करून देते. दिवाळीत भेट होते म्हणून लिहायचा आळस होतो. आज मुद्दाम लिहितोय.

गावात आता साठ-सत्तर अँटेने आहेत. सगळे मी चढवले. लोक मला अँटेनावाला सुकदेव म्हणतात, केंद्राचं नाव कोणी घेत नाही. पण यंदा एक गंमत झाली. आता छपरावर कोणी बोलावतच नाही. वारा आला, काठी फिरली, तरी बोलावणं नाही. मी म्हटलं आमच्या बाईचा माल इतका पक्का झाला की काय.

साक्रीत मंगेश म्हणून एक जण आहे. त्याने गच्चीवर मोठी छत्री उभी केलीय, उलटी. म्हणतो आभाळातलं चित्र पकडतो आणि वायरीने घरोघर देतो. आय बघून आली. म्हणाली, पाणी साठून डास होतील.

यादीचं विचारत असतेस. माझं नाव पहिलं आहे. सहा वर्षं यादी पहिल्या नावावरच थांबलीय. माझ्यामागे काळू आहे. तो गमतीने म्हणतो, "सुकदेवभो, तू एकदाचा सरक, नायतर आपण दोघं म्हातारे होऊ." साहेब म्हणतात यंदा नक्की. हे ते दर वर्षी म्हणतात.

तर विचारायचं होतं ते हे. तुमच्याकडे मला काम होईल का? माझी सोनी चौथीत गेली. आपल्या माणसाच्या कारखान्यात, आपण इतकी वर्षं छपरावर चढवलेला माल स्वतः बनवावा, असं फार वाटतं. पण तुमचं तिथे कसं चाललंय, पुढे चालेल ना, हे तू शिकलेली आहेस, तू सांग. तू ये म्हणालीस तर येतो, नको म्हणालीस तर यादीत बसून राहतो.

सुकदेव


सिल्वासा
८ ऑगस्ट १९९१

सुकदेवभाऊ,

उत्तराला दोन महिने लावले, राग मानू नकोस. शेठ बाहेरगावी होते.

तू लिहिलंस ते इथेही तसंच आहे. कार्डांचं पोतं यायचं तिथे आता मूठभर येतात. मी वर्षावर्षांचे आकडे मांडून सुधाकर सरांना दाखवले. इतक्या वर्षांच्या कामाचं हे फळ, असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद ठेवून घेतला.

तुमचं कसं चाललंय, असं तू विचारलं आहेस. सुधाकर सरांनी परवा त्या डोंगराच्या रेघेवर नवीन फुली मारली. म्हणाले, आपला अँटेना आता मॅच्युरिटीला आलाय. जे कळलं ते तुला लिहिलं.

शेठना विचारलं. रिवेटच्या लाईनला एक माणूस हवा आहे. राहायला नरोली रस्त्यावर आपल्याकडच्या नंदुरबारच्या लोकांची खोली आहे. येण्याचं तू ठरव.

काकूला नमस्कार.

वासंती


कासारे
३० ऑगस्ट १९९१

वासंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र आबांसमोर मोठ्याने वाचलं. मॅच्युरिटीपाशी सदाशिव वाण्याने मला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याचा विमा मॅच्युरिटीला आला तेव्हा त्याने गावाला पेढे वाटले होते. आय म्हणाली, म्हणजे काय रे? सदाशिव म्हणाला, "काकी, आधी वर्षानुवर्षं नुसतं भरायचं. मग एके दिवशी मॅच्युरिटी येते. मग भरायचं नाही, घ्यायचं." आबांनी चष्मा काढून पुसला.

सहा वर्षं तू तिथे एकटी भरत होतीस आणि आता घ्यायचे दिवस आले तर मला बोलावतेस. हे तुझं मोठेपण मी विसरणार नाही.

केंद्रात सोमवारी ९ तारखेला नाव कमी करून घेतो. काळूला आजच सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "खरंच सरकतोस का?" मी १२ तारखेला वापीला उतरतो. तुझं काही वेगळं म्हणणं असेल तर सोमवारच्या आत कळव. नसेल तर स्टेशनवर ये, म्हणजे मी चुकणार नाही.

आय तुझ्यासाठी ज्वारीच्या बिबड्या वाळवून देतेय. वाटेत मोडल्या तर माझा दोष नाही.

सुकदेव


[तक्रार-कार्डाच्या कोऱ्या बाजूवर, रिवेट लाईनवरून ऑफिसात पाठवलेली चिठ्ठी]

१९ जानेवारी १९९३

बाई, आज आमच्या लाईनला दिवसाला फक्त चाळीस नग सांगितलेत. गेल्या महिन्यात दोनशे होते. फोरमनला विचारलं तर म्हणतो, "उपर पूछो." मशीन बिघडलंय का? बिघडलं असेल तर मी बघू का?
सु.

[त्याच चिठ्ठीखाली]

मशीन ठीक आहे. संध्याकाळी बोलू.
वा.


कासारे
११ जुलै १९९३

वासंतीस आशीर्वाद.

घरी सुखरूप आहे. मार्चात लाईन बंद झाली त्या दिवशी तू मला फाटकापर्यंत सोडायला आलीस. गाडीत बसल्यावर वाटलं, आपण संध्याकाळी बोलू म्हणायचो ते कधी बोललोच नाही. म्हणून आधी मी लिहितो.

केंद्राची यादी निघाली. मी तिकडे आलो त्याच्या पुढच्याच वर्षी, ९२ च्या जूनमध्ये. पहिल्या नावाला कायम केलं. पहिलं नाव काळूचं होतं. परवा तो मला हात धरून चहाला घेऊन गेला. मला म्हणतो, "सुकदेवभो, मला तोंड दाखवायला लाज वाटते." मी म्हटलं, "अरे, तूच म्हणायचास सरक म्हणून." दोघं हसलो. त्याच्या अंगावर खाकी गणवेश आहे, छान दिसतो.

मी सध्या मंगेशकडे जातो. तोच, उलट्या छत्रीवाला. आता त्याने कासाऱ्यातही छत्री बसवलीय. छपरावर चढायची सवय असलेला माणूस त्याला हवाच होता. एका घराच्या छपरावरून दुसऱ्याच्या छपरावर वायर न्यायची असते. लोक म्हणतात, सुकदेव, वर गेलाच आहेस तर तो जुना काटा काढून टाक, कौलं फुटतात. मग मी आपलाच माल खाली आणतो. 'चित्ररेखा'ची पट्टी अजून चांगली वाचता येते. काहींचे रिवेट मी मारलेले असतील. एका घरी काढलेल्या नळीवर आता कारल्याचा वेल चढवलाय.

आता कळतं, लोक मला बोलवेनासे झाले होते ते का. काठी फिरली तरी त्यांना फरक पडत नव्हता. मी त्या वेळी तुला लिहिलंही होतं, आपण दोघं खूश झालो होतो.

एक विचारतो. आय सारखी विचारते, पोरीला आधी कळलं नव्हतं का. मी तिला सांगितलं, तिला कुठून कळणार, कळलं असतं तर तिने लिहिलं असतं. बरोबर सांगितलं ना?

सुकदेव


सिल्वासा
६ फेब्रुवारी १९९४

सुकदेवभाऊ,

तुझ्या पत्राला सात महिने झाले. तीनदा लिहिलं आणि फाडलं. दिवाळीला आले नाही त्याचंही कारण हेच. काम होतं असं आबांना कळवलं, ते खोटं होतं.

तू काकूला जे सांगितलंस ते बरोबर नाही. मला कळलं होतं.

९१ च्या जुलैत मी कार्डांचे आकडे घेऊन सुधाकर सरांकडे गेले. तक्रारी कमी झाल्या म्हणून शाबासकी मिळेल, अशा विचाराने गेले होते. ते कागद बघून म्हणाले, "वासंती, तक्रार कोण करतो? ज्याला वस्तू हवी असते तो." मग फळ्यावर ती जुनी रेघ पुन्हा काढली आणि ८८ साली राहून गेलेल्या दोन पायऱ्या सांगितल्या. तिसरी मॅच्युरिटी. म्हणजे रेघ वर जायची थांबते, माथ्यावर सपाट होते. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेतलेलं असतं. आणि चौथी उतार. मी विचारलं, उतार कधी? ते म्हणाले, "वर्ष, दीड वर्ष. छत्र्या गावात गेल्या की संपलं. हे बाहेर बोलायचं नाही, माणसं आजच सोडून जातील." छत्री म्हटल्यावर मला तुझं पत्र आठवलं. तू लिहिलेलं सगळं खरं होतं, मी ते गंमत म्हणून वाचलं होतं. तू छपरावर होतास म्हणून तुला दिसत होतं. मी टेबलावर कागद मोजत होते.

तुझं "ये म्हण, नाहीतर नको म्हण" हे पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं.

त्याच दिवशी मी तुला उत्तर लिहिलं. त्यात वाक्य होतं, "भाऊ, येऊ नकोस, यादीत बसून राहा." ते पत्र मी पेटीत टाकलं नाही. दुसरं लिहिलं. त्यात येऊ नकोस काढलं आणि मॅच्युरिटी घातलं. मनाला सांगितलं, मी खोटं लिहिलेलं नाही. जो शब्द सरांनी सांगितला तोच लिहिला, आता ठरवायचं त्याने. आपल्याकडे मॅच्युरिटीला काय येतं हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. सदाशिवकाकांच्या विम्याचे पेढे मीसुद्धा त्या दिवाळीत खाल्ले होते. शब्द लिहिताना ते मनात आले होते का? खरं सांगायचं तर, आले होते आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग तुझं पत्र आलं ते ५ तारखेला, गुरुवारी. सोमवार यायला चार दिवस होते. मी पोस्टात जाऊन तारेचा फॉर्म भरला. त्यावर "येऊ नकोस" एवढंच लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अजून शब्द बसतात, कारण लिहायचं असेल तर लिहा." मी फॉर्म घेऊन बाकावर बसले. कारण लिहिलं असतं तर आधीच्या पत्रात ते का नाही, हे तू विचारलं असतंस. पोस्ट बंद झालं तेव्हा फॉर्म माझ्या हातातच होता.

तुला वाटेल, असं का केलं. सरांची ताकीद होती, पण ते कारण नाही. तुला काही सांगितलं म्हणून त्यांना कुठून कळणार होतं?

सहा वर्षांत माझ्या माणसांपैकी कोणी माझं टेबल पाहिलं नव्हतं. आबा येतो येतो म्हणून आले नाहीत. इथे मी सगळ्यांची बेन होते, पण मी कुठून इथवर आले हे कोणाला ठाऊक नव्हतं. तू आलास त्या दिवशी मी तुला लाईनवर न नेता आधी ऑफिसात नेलं, आठवतं? खुर्चीत बसवलं. तू म्हणालास, "फिरते का?" आणि बसल्या बसल्या एक गिरकी घेतलीस. काचेखाली तुझं कार्ड दाखवलं तर तू इतका हसलास की मुली बघायला लागल्या. त्या एका दुपारसाठी मी तुला बोलावलं, भाऊ. ती दुपार मला मिळाली, आणि तुझी जागा काळूला गेली.

मी खरं बोलून माल विकणार होते. अनोळखी माणसाला हजारो वेळा लिहिलं, चूक आमची आहे. तुला एकदा लिहायचं होतं तेव्हा इंग्रजी शब्द शोधला.

इथे आता त्याच शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या होतात. खुर्चीबरोबर कार्ड देत नाहीत. मी माल पाठवायच्या विभागात आहे. अथालच्या दोघी टिकल्या, बाकीच्या गेल्या.

काकूला काय सांगायचं ते तू ठरव. नाही, हे पुन्हा तेच झालं. खरं सांग, असं मी म्हणते आहे.

वासंती


[छापील तक्रार-कार्ड. कंपनीच्या पत्त्यावर शाई फिरवून टोकरखाड्याचा पत्ता घातलेला. पोस्टाचा शिक्का: कासारे, २३ मे १९९४]

नाव-गाव: सुकदेव, कासारे.

चित्र दिसतं का: आता दिसतं.

तक्रार काय: पत्रातला शब्द आपल्या भाषेतला नव्हता. अर्थ मी वाण्याला विचारला, पाठवणारीला विचारला नाही, म्हणून अर्धी चूक माझी धरावी. तीन महिने राग होता. आता तेवढा नाही, पण नाही असं म्हणवत नाही. आयला अजून काही सांगितलेलं नाही, माझ्याने होत नाही. ती तुझ्यासाठी बिबड्या करून डब्यात ठेवते आणि मग सोनीला देऊन टाकते. कार्ड खोक्यातलं उरलेलं आहे. उत्तर देता का अजून?


सिल्वासा
१ जून १९९४

सुकदेवभाऊ,

आपली तक्रार मिळाली.

चूक माझी आहे. अर्धी नाही.

यापुढचं तिसरं, दुरुस्तीचं वाक्य मी सहा-सात वर्षं रोज लिहीत होते, हात आपोआप चालायचा. आज तिथे थांबला. काळू कायम झालाय आणि तो चांगला माणूस आहे. त्याला उठवून तिथे तुला बसवता येत नाही. म्हणून ते वाक्य लिहीत नाही. राग आहे तेवढा राहू दे.

दिवाळीची वाट बघत नाही. १२ तारखेला, रविवारी, दुपारच्या एस.टी.ने येते. काकूला तू काही सांगू नकोस. मी सांगेन, अंगणात बसून, अहिराणीत.

वासंती